खिशाकडे आपोआप जाणारा हात

वाचकाचं पत्र

माझं वय अडतीस. ऑफिसचं बरंचसं काम फोनवर चालतं. वडील दुसऱ्या गावी एकटे राहतात, त्यामुळे फोन बंद ठेवणं मला शक्य नाही. पण गेल्या काही महिन्यांत दोन गोष्टी घडल्या आणि मी हादरले. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. भिंतीवरून चढणारी गोगलगाय दाखवायला त्याने मला हाक मारली. मी "हो हो, छान" म्हणाले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू बघितलंच नाहीस, ती केव्हाच खाली पडली." दुसरी गोष्ट रस्ता ओलांडतानाची. मी मेसेज वाचत चालले होते, सायकलवाल्याने ओरडून ब्रेक दाबला म्हणून वाचले. दोनदा ॲप काढून टाकली, चार-पाच दिवसांत परत घातली. वेळेची मर्यादा लावली, ती मीच मोडते. फोन सोडता येत नाही आणि जवळ असला की आजूबाजूचं काही दिसत नाही. माझ्यात निग्रहच कमी आहे का?
— एक आई

उत्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. निग्रहाचा भाग यात फार थोडा आहे. तुम्ही केलेले दोन्ही उपाय फोनचा एकूण वेळ कमी करण्याचे होते, आणि तुम्हाला खुपतंय ते दुसरंच. दिवसभरात फोन चार तास बघितला की दोन तास, याचा गोगलगायीशी काही संबंध नव्हता. त्या अर्ध्या मिनिटात तो हातात होता, एवढंच पुरलं. म्हणून तासांचा हिशेब तूर्त बाजूला ठेवा. कोणत्या प्रसंगी फोन हाताला लागता कामा नये ते ठरवा, आणि तिथे तो लागणारच नाही अशी व्यवस्था करा. पुढचं सगळं उत्तर या व्यवस्थेबद्दल आहे.

आधी सायकलवाला तुम्हाला का दिसला नाही ते बघू, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. डोळे उघडे होते, नजरेच्या कडेला सायकल आलीही असणार. पण लक्ष दुसरीकडे गुंतलं की डोळ्यांसमोरची गोष्टही मनापर्यंत पोचत नाही. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवून चेंडूच्या पासची संख्या मोजायला सांगितली. मध्येच गोरिलाचा वेश केलेला माणूस सगळ्यांच्या समोरून चालत गेला, आणि साधारण निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. पुढे आयरा हायमन आणि सहकाऱ्यांनी हेच विद्यापीठाच्या आवारात करून पाहिलं. एकचाकी सायकलवरचा विदूषक चौकात फिरवला आणि तिथून चालत गेलेल्यांना विचारलं. मोबाइलवर बोलत गेलेल्यांपैकी फक्त चौथ्या हिश्शाला तो दिसला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: ही माणसं स्क्रीनकडे बघत नव्हती, नुसती बोलत होती. डोळे मोकळे असूनही विदूषक हुकला. तेव्हा "मी अधूनमधून मान वर करून बघते" हा बचाव रस्त्यावर कामाचा नाही. इअरफोन लावून बोलत चाललात की हात मोकळे होतात, लक्ष गुंतलेलंच राहतं.

आता हात फोनकडे जातो कसा ते जवळून बघा. लिफ्टचं दार बंद होतं. पुढचे वीस सेकंद करायला काही नाही. हात खिशात गेलेला असतो, आणि तो कधी गेला हे तुम्हाला ठाऊक नसतं. वेळ बघायची म्हणून स्क्रीन उजळते. वेळेच्या खाली दोन सूचना असतात, त्यातली एक उघडता, तिथून दुसरीकडे जाता. फोन परत खिशात जातो तेव्हा तुम्ही वेगळ्या मजल्यावर असता आणि किती वाजले हे अजूनही माहीत नसतं. या साखळीत ठरवून केलेली अशी एकही कृती नाही. रिकामा क्षण आला की हात आपोआप चालतो. अशा सवयीला मनाच्या बळावर दरवेळी अडवणं दमवणारं असतं. फोन त्या जागी नसेल तर हात जातो, काही सापडत नाही आणि परत येतो. सवय मोडायला हे रिकामं परत येणंच उपयोगी पडतं.

आत गेल्यावर बाहेर पडणं अवघड असतं तेही उगाच नाही. पुस्तकाचं पान संपतं, पत्र संपतं. खाली सरकत राहणारा फीड संपत नाही, कारण तो न संपण्यासाठीच बनवलेला आहे. ही रचना २००६ साली आझा रास्किन या डिझायनरने केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्यात प्रत्येक वेळी काही चांगलं मिळेलच असं नसतं, कधीतरी मिळतं. असं अनियमित मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात चिवट करतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. एवढी यंत्रणा समोर उभी असताना स्वतःला दोष देत बसू नका. तो वेळ मांडणी बदलण्यात घाला.

पहिले तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त आकडे बघा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'स्क्रीन टाइम'मध्ये सविस्तर आलेख उघडला की खाली 'पिकअप्स' दिसतात: फोन किती वेळा उचलला, कोणत्या तासाला उचलला, आणि उचलल्यावर सर्वात आधी कोणतं ॲप उघडलं. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये 'अनलॉक्स' आणि प्रत्येक ॲपकडून आलेल्या सूचनांची संख्या मिळते. एकूण तासांकडे बघू नका. तुम्हाला दोनच गोष्टी हव्यात: सर्वात आधी उघडलं जाणारं ॲप कोणतं, आणि उचलण्याची गर्दी कोणत्या तासाला होते. पहिलं ॲप ऑफिसच्या मेसेजचं निघालं तर उपाय सूचनांच्या व्यवस्थेत आहे. ते व्हिडिओंचं निघालं तर मोकळ्या क्षणांच्या व्यवस्थेत आहे. पुष्कळांचं असं होतं की दार मेसेजच्या ॲपचं असतं आणि वेळ मात्र दुसरीकडेच जातो. अशा वेळी व्हिडिओचं ॲप काढून फारसं साधत नाही. दार उघडंच असतं आणि तीच गोष्ट ब्राउझरमधून सुरू होते. तुमचं ॲप चार-पाच दिवसांत परत आलं, त्यामागे बहुधा हेच असेल.

याच तीन दिवसांत फोन कोणत्या साध्या कामासाठी हातात आला तेही कागदावर टिपून ठेवा. वेळ बघणं, गजर, यादी करणं, हिशेब, टॉर्च. अशा प्रत्येक कामासाठी साधी वस्तू आणा: मनगटी घड्याळ, उशाशी गजराचं घड्याळ, खिशात मावेल अशी वही आणि पेन. घड्याळ साधंच घ्या. मेसेज दाखवणारं स्मार्टवॉच घेतलंत तर खिशातली कटकट मनगटावर आली एवढाच फरक पडेल. असलंच तर त्यावर फक्त कॉल येऊ द्या. हा बदल किरकोळ वाटतो, पण आमच्या मते सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा यातूनच होतो, कारण दिवसातली कित्येक उचलणी मुळातच थांबतात.

आता वडील आणि ऑफिस. तुमच्या पत्रातली खरी गाठ इथे आहे. महत्त्वाचा फोन चुकेल या भीतीने तुम्ही सगळंच चालू ठेवता आणि सगळंच चालू असल्यामुळे सतत बघत राहता. सगळंच म्यूट केलं तरी अडचण असते. काही आलं का ही शंका राहते आणि तपासणं काही जणांच्या बाबतीत उलट वाढतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सूचना दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र मिळणाऱ्या लोकांना बरं वाटलं, लक्षही बरं लागलं. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांची बेचैनी मात्र वाढली. म्हणजे महत्त्वाची माणसं नक्की पोचतील याची खात्री आधी करायची, मग बाकीचं थांबवायचं. हा क्रम उलटा झाला की उपाय टिकत नाही.

आयफोनवर वडिलांचा संपर्क उघडा, 'एडिट'मध्ये 'रिंगटोन'वर जा आणि 'इमर्जन्सी बायपास' चालू करा. मग फोन सायलेंटवर असला किंवा 'फोकस' (सूचना अडवणारी सोय) चालू असला तरी त्यांचा कॉल वाजेल. अँड्रॉइडवर त्यांच्या नावाला तारा द्या आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये तारांकित संपर्कांच्या कॉलना परवानगी द्या. इथे एक चूक हमखास होते. 'डू नॉट डिस्टर्ब' वेगळं आणि फोन सायलेंट किंवा व्हायब्रेटवर टाकणं वेगळं. परवानगी दिलेली असली तरी रिंगर व्हायब्रेटवर असेल तर कॉल नुसता थरथरतो, आणि दुसऱ्या खोलीत ते ऐकू येत नाही. म्हणून रिंगर पूर्ण आवाजावर ठेवा आणि गाळणी 'डू नॉट डिस्टर्ब'ला करू द्या. वडिलांच्या शेजाऱ्यांचा, डॉक्टरांचा आणि तिथल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबरही याच यादीत हवा. अडचणीच्या वेळी वडिलांच्या फोनवरूनच कॉल येईल असं नाही. अनोळखी नंबरसाठी 'रिपीट कॉल'ची सोय चालू ठेवा. त्याच नंबरवरून आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो. वडिलांना सांगून ठेवा, की लागलाच नाही तर लगेच पुन्हा करायचा. मग सगळं लावून झाल्यावर त्यांना एकदा प्रत्यक्ष कॉल करायला सांगा. ही चाचणी झाल्याशिवाय तुमचं मन निवांत होणार नाही, आणि व्हायलाही नको.

ऑफिसशी बोलावं लागेल. लोक हा भाग टाळतात आणि मग सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी काही फरक पडत नाही. फोन हाती नको असा पहिला प्रसंग म्हणून मुलाबरोबरची संध्याकाळ धरा. वरिष्ठांना परवानगी मागत बसू नका, पर्याय द्या. "संध्याकाळी सहा ते आठ मी मेसेज बघणार नाही. आठ वाजता सगळे बघून उत्तर देईन. त्याआधी तातडीचं असेल तर कॉल करा, मी उचलेन." एवढंच लिहा. वरिष्ठांचा नंबर त्या यादीत घाला आणि आठ वाजता खरंच उत्तर द्या. पहिले दहा-बारा दिवस तुम्ही वेळ अगदी काटेकोर पाळलीत तर समोरच्यालाही सवय लागते. कॉल करावा लागणार म्हटलं की तातडीच्या कामांची संख्याही कमी होते, कारण मेसेज टाकायला विचार करावा लागत नाही, कॉल करायला लागतो.

उरलेल्या सूचनांसाठी एकच कसोटी पुरे: एखाद्या माणसाने फक्त तुम्हाला उद्देशून लिहिलं असेल तर फोनने सांगावं. ॲपने स्वतःहून पाठवलेलं किंवा ग्रुपमध्ये पडलेलं काहीही सांगू नये. बातम्या, खरेदी, व्हिडिओ, खेळ, "तुमच्या ओळखीच्या कोणीतरी फोटो टाकला" हे सगळं बंद. व्हॉट्सॲपचे ग्रुप 'ऑलवेज' निवडून म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. चॅट्सच्या सेटिंगमधलं 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू असेल तर नवा मेसेज आला तरी ग्रुप वर येत नाही. शाळेच्या ग्रुपला वगळावं लागत असेल तर फक्त तोच वगळा. ॲपच्या चिन्हावरचा लाल आकडाही काढा. आयफोनवर प्रत्येक ॲपच्या सूचनांमध्ये 'बॅजेस' बंद करता येतात. अँड्रॉइडवर हे 'नोटिफिकेशन डॉट्स' म्हणून असतं, आणि कंपनीनुसार त्याची जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधात 'बॅज' किंवा 'डॉट' टाकून बघा. आवाज बंद आणि आकडा चालू ही अर्धवट व्यवस्था आहे. वेळ बघायला स्क्रीन उजळली की तो आकडा खुणावतोच. या कामाला एक तास लागेल. एकदाच लागतो.

घरात फोनला एक जागा द्या. दाराजवळचं कपाट किंवा फळी चालेल, पण बसायची सोय नसलेलीच जागा निवडा. चार्जर तिथेच, आणि फक्त तिथेच. घरात असताना फोन तिथे राहील आणि वापरायचा तर तिथे उभं राहून वापरायचा. वाजला तर जाऊन घ्यायचा, बोलून झाला की तिथेच ठेवायचा. आडवं पडून चाळीस मिनिटं सहज जातात, उभं राहून फार वेळ कोणी बघत नाही. टेबलावर पालथा ठेवणं, खिशात म्यूट करून ठेवणं यांचा उपयोग बराच कमी. २०१७ साली एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी फोन टेबलावर, खिशात किंवा बॅगेत आणि दुसऱ्या खोलीत ठेवून लोकांना विचाराची कामं दिली. सर्वात चांगली कामगिरी फोन दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांची झाली. नंतर इतरांनी केलेल्या चाचण्यांत हा परिणाम दरवेळी तसाच मिळालेला नाही, त्यामुळे त्यावर पैज लावू नका. पण भिंतीपलीकडच्या फोनकडे हात आपोआप जाऊ शकत नाही, हे तर उघडच आहे. रात्रीही तो त्याच जागी राहू द्या. रिंगर मोठा असेल तर वडिलांचा कॉल झोपेतही ऐकू येईल. येतो की नाही हे एकदा रात्री करून बघा.

पहिल्या आठवड्यात खिशात काहीतरी थरथरल्यासारखं वाटेल. फोन खिशात नसतानाही वाटेल. हे अनेकांना होतं आणि सूचना कमी झाल्या की ओसरतं. घाबरायचं कारण नाही.

आता मुलाबद्दल. मूल साधारण वर्षाचं झालं की बोट दाखवायला लागतं. त्या बोटामागे "मला ते दे" असतं तसंच "तूही बघ" असतं. सात वर्षांच्या मुलाची हाकही त्याच जातीची आहे. त्याला माहिती द्यायची नसते, दोघांनी मिळून एका गोष्टीकडे बघायचं असतं. म्हणून "हो हो, छान" हे उत्तर त्याच्या दृष्टीने उत्तरच नाही. यापुढे हाक आली की नजर आधी त्याच्या चेहऱ्याकडे न्या, मग तो दाखवतो तिकडे, आणि तिथे दिसलेली एक गोष्ट नाव घेऊन बोला: "ती शिंगं आत घेतेय बघ." बघितल्याशिवाय असं वाक्य बोलता येत नाही, म्हणून मुलाला ते लगेच खरं वाटतं. दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. बहुतेक वेळा त्याला तेवढंच हवं असतं आणि तो पुन्हा आपल्या नादात जातो.

प्रत्येक हाकेला लगेच धावता येणार नाही, तशी गरजही नाही. पण फोनची एक अडचण मुलांच्या बाजूने बघायला हवी. बाहेरून बघणाऱ्याला फोनची फक्त पाठ दिसते. तुम्ही वडिलांच्या औषधाचं बघताय, ऑफिसला उत्तर देताय की व्हिडिओ चाळताय, त्याला सगळं सारखंच दिसतं. तुम्ही निवडणं-टिपणं करत असता किंवा वहीत लिहीत असता तेव्हा काम किती झालं, किती उरलं हे मुलाला कळतं आणि ते थांबतं. फोनवर ते कळत नाही. म्हणून मोठ्याने सांगा: "आजोबांना एक मेसेज लिहितेय. झाला की येते." आणि तेवढंच करून या. मेसेज पाठवून झाल्यावर "आलेच आहे तर" म्हणून दुसरं काही उघडलं, की पुढच्या वेळी त्या वाक्याला किंमत राहत नाही. लहान मुलं हा हिशेब फार चोख ठेवतात.

फोन खाली ठेवला तरी मन तिथेच राहतं, हाही अनुभव तुम्हाला असेल. एका कामातून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ साली मांडलं, आणि अर्धवट राहिलेल्या कामात तो जास्त अडकतो. त्यावर उतारा सोपा आहे. उठण्याआधी वहीत तीन-चार शब्द लिहा: "अहवालाचा तक्ता बाकी, आठ वाजता." काम कुठून पुढे न्यायचं ते कागदावर उतरलं की मनाला ते धरून ठेवावं लागत नाही.

रस्त्याच्या बाबतीत आम्ही कसलीही सवलत देणार नाही. चालताना स्क्रीन नाही. बघायचंच असेल तर कडेला व्हा, भिंतीला किंवा खांबाला पाठ लावून थांबा, बघा, परत आत ठेवा, मग चाला. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस पाच सेकंदांत सुमारे ७ मीटर जातो. एक मेसेज वाचायला एवढा वेळ सहज लागतो. तेवढ्याच वेळात ताशी २० किलोमीटरने येणारी सायकल जवळजवळ २८ मीटर पुढे येते. तुम्ही मान खाली घातलीत तेव्हा ती कुठेच नव्हती, वर केलीत तेव्हा अंगावर होती, याचं गणित इतकं साधं आहे. गाडी चालवताना ताशी ५० किलोमीटर वेग असेल तर फक्त दोन सेकंदांत २८ मीटर जातात, म्हणून चालू गाडीत फोन हाताच्या अंतरावरही नको. रस्त्यावर एकाही कानात इअरफोन घालू नका. आवाज कोणत्या बाजूने आला हे दोन्ही कानांच्या फरकावरून कळतं, त्यामुळे एकच कान मोकळा ठेवला तर आवाज ऐकू येतो, दिशा नीट कळत नाही. नकाशा वापरताना निघण्यापूर्वी थांबून पुढची दोन वळणं आणि त्यांच्या खुणा पाठ करा. तिथे पोचल्यावर पुन्हा थांबून पुढची दोन. फोन घराबाहेर पडताना खिशात न ठेवता बॅगेच्या आतल्या, चेन असलेल्या कप्प्यात ठेवा. चेन उघडायला लागणारे तीन सेकंद ही या व्यवस्थेतली कळीची गोष्ट आहे, कारण तेवढ्यात "कशाला काढतेय?" हा प्रश्न उमटायला जागा मिळते.

इथवर फोन दूर करण्याबद्दल झालं. एवढ्यावर थांबलात तर महिनाभरात सगळं पूर्ववत होईल, कारण रिकामा क्षण रिकामाच राहिला आणि रिकामपण जड जातं. बाहेर बघायला काहीतरी हवं, आणि "आजूबाजूला बघा" हा सल्ला इतका मोघम आहे की त्याने काही होत नाही. एखादी बदलणारी गोष्ट निवडा आणि रोज तिच्याकडेच बघा. चंद्र घ्या. तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. कालच्याच वेळी, कालच्याच जागेवरून पाहिलं तर तो कुठे असेल याचा अंदाज मुलाबरोबर आधी करा आणि मग बघा. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य मावळतो ती क्षितिजावरची जागा रोज जवळजवळ सूर्याच्या स्वतःच्या रुंदीइतकी सरकते. खिडकीची एक चौकट धरून आठवडाभर पाहिलंत तर उघड्या डोळ्यांनी कळते. फक्त सूर्य क्षितिजाला टेकून लालसर झाल्यावरच बघा, त्याआधी नाही. घराजवळचं एखादं झाड चालेल, पक्षी चालतील. नावं शिकून घ्या, कारण नाव माहीत असलेली गोष्ट गर्दीतूनही डोळ्यांत भरते. आकाशात न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका बहुधा ग्रह असतो, एवढं कळलं तरी रात्री मान वर जाते. डोळ्यांनाही याचा फायदा आहे. सहा मीटरच्या पलीकडे नजर टाकली की जवळचं बघताना आवळलेले आतले स्नायू सैल होतात, आणि स्क्रीनपुढे कमी झालेली पापण्यांची उघडझाप पूर्ववत होते. रांगेत, लिफ्टमध्ये, जिथे दूरचं दिसत नाही तिथे कानांचं काम करा: सगळ्यात जवळचा आवाज कोणता, सगळ्यात लांबचा कोणता, आणि त्यांच्यामधला एक. वीस सेकंद यात निघून जातात.

फोटोंबद्दल थोडं. काही दिसलं की लगेच कॅमेरा काढायची सवय असेल तर क्रम उलटा करा: आधी मनात तीस मोजेपर्यंत नुसतं बघा, मग एक फोटो. लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेल्या, २०१४ साली छापलेल्या प्रयोगात वस्तूंचे नुसते फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू कमी आठवल्या. ज्यांनी एखादा बारकावा झूम करून टिपला त्यांचं मात्र असं झालं नाही. म्हणजे फोटो घ्यायचा तर बारकावा शोधून घ्या. मुलाला तो शोधायला सांगा.

काही प्रसिद्ध उपायांबद्दल आमचं मत स्पष्ट सांगतो. स्क्रीन काळी-पांढरी करणं काही दिवस उपयोगी पडतं, नंतर डोळे सरावतात. करायचं असेल तर आयफोनवर 'ॲक्सेसिबिलिटी', 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज', 'कलर फिल्टर्स', 'ग्रेस्केल' या वाटेने जा. अँड्रॉइडवर बऱ्याच फोनमध्ये ते 'बेडटाइम मोड'मध्ये असतं. ॲपवरची वेळेची मर्यादा 'इग्नोर'च्या एका टिचकीने उडते, म्हणून ती एकटी कधीच पुरत नाही. स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्या कोणाला ठेवायला दिला तर थोडी टिकते. फोन उचलताच स्क्रीन उजळणारं 'रेझ टू वेक' आणि सतत उजळ राहणारा डिस्प्ले हे दोन्ही मात्र आजच बंद करा. संपूर्ण उपवास, म्हणजे आठवडाभर फोनच नाही, हा तुमच्यासाठी उपाय नव्हे. वडील आणि नोकरी असताना तो मोडणारच, आणि मोडला की तुम्ही पुन्हा स्वतःला दोष देणार.

घरात दुसरी मोठी माणसं असतील तर त्यांना उपदेश करू नका. फक्त सहा ते आठ या वेळात त्यांचेही फोन त्याच फळीवर राहतील का, एवढंच विचारा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, तुमचा ठेवा.

एक सूचना गंभीरपणे करतो. फोन हातात नसला की धडधडतं, झोप येत नाही, किंवा एखादी चिंता, दुःख, एकटेपणा दाबायला तो लागतो असं लक्षात आलं, आणि तीन-चार आठवडे व्यवस्था पाळूनही ते कमी झालं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. तिथे फोन हे वरचं लक्षण असतं आणि आतलं दुखणं नीट बघावं लागतं.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले तीन दिवस आकडे, चौथ्या दिवशी घड्याळ आणि सूचना, सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर कॉलची चाचणी, त्यानंतर फळी. रस्त्याचा नियम तेवढा आजपासून. तीन आठवड्यांनी 'पिकअप्स'चा तासवार आलेख उघडा आणि संध्याकाळी सहा ते आठ या दोनच पट्ट्या बघा. फोनमध्ये तासवार आकडे दिसत नसतील तर सहाला फळीवर ठेवताना आणि आठला उचलताना अनलॉकचा आकडा टिपून वजाबाकी करा. तिथे एक-दोन दिसले आणि तेही आलेल्या कॉलचे असले, तर काम झालं. दिवसभराचा आकडा पूर्वीइतकाच असला तरी त्याने खट्टू होऊ नका. मग याच पद्धतीने दुसरा प्रसंग निवडा, सकाळी मुलाला शाळेत सोडायला जाता तो रस्ता किंवा झोपण्याआधीचा अर्धा तास.